चिलटांची मोजणी

"इतक्या जोरात आपटू नका हो ताई," हौसामावशी दारातूनच म्हणाल्या. "आजारी आहेत ती."

मी हातातली काचेची नळी रबरी चटईवर तीनदा आपटून घड्याळाकडे बघत होते. नळीत वीस चिलटं होती, पिकल्या केळ्याभोवती घोंगावतात तीच. आपटलं की सगळी तळाला पडतात आणि लगेच वर चढायला लागतात. चिलटाचा तो स्वभावच आहे. दहा सेकंदांत नळीवरच्या काळ्या रेघेच्या वर किती पोचली ते मोजायचं, वहीत लिहायचं आणि पुढची नळी घ्यायची. निरोगी चिलटं दहा सेकंदांत जवळजवळ सगळीच्या सगळी वर असतात. आमची मात्र कंपवाताची होती. त्यांच्या जनुकात मुद्दाम एक बिघाड केलेला होता, त्यामुळे ती तिसऱ्या आठवड्यातच म्हातारी होत, दोन पावलं चढत आणि थरथरत खाली येत.

हौसामावशींना ते बघवत नसे. हौसा ढोबळे म्हणजे आमच्या संस्थेतल्या चिलटांच्या आचारी. आठवड्यातून दोनदा मोठ्या पातेल्यात मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि थिजायला चायनाग्रास घालून त्या चिलटांचं जेवण शिजवत. ते नळ्यांत तळाशी ओतलं की वडीसारखं घट्ट बसे आणि चिलटं त्यावरच जगत, अंडी घालत आणि मरत. शिजवताना वास इतका छान सुटायचा की खालच्या मजल्यावरचे भौतिकशास्त्रवाले काही ना काही निमित्त काढून वर यायचे.

ही सतरा वर्षांपूर्वीची, पुण्यातली गोष्ट. मी पीएच.डी. करत होते. बार्शीला माझी आई शेजारीपाजारी सांगायची की आमची वृंदा कंपवातावर औषध शोधतेय. शेजारी विचारायचे, आतापर्यंत किती पेशंट तपासले? आई तेच मला फोनवर विचारायची आणि मी खरं ते सांगायचे, चार हजार. त्यामुळे बार्शीत माझं नाव फारच मोठं झालं होतं.

औषधाची मूळ कल्पना आमच्या बेलसरे सरांची. डॉ. बेलसरे वीस वर्षं रक्ताच्या कर्करोगावर काम करत होते, आणि ते काम काय आहे हे फाटकावरच्या रखवालदारालासुद्धा दिव्याच्या बटणावरून समजावून सांगत. पेशीत एक प्रथिन असतं, ते बटणासारखं काम करतं. रक्ताच्या एका कर्करोगात हे बटण चालू अवस्थेत अडकून बसतं आणि पांढऱ्या पेशी वाढतच सुटतात. ते बटण बंद करणारी गोळी निघालेली होती आणि तिच्यावर माणसं वर्षानुवर्षं जगत होती. मग सरांच्या वाचनात आलं की कंपवातात मेंदूतल्या पेशींमध्येही हेच बटण नको तेव्हा चालू झालेलं सापडतं. तर मग कर्करोगाची गोळी कंपवाताला का लागू पडू नये? या एका प्रश्नावर सरांनी प्रकल्प मिळवला, आणि चिलटं माझ्या वाट्याला आली.

लाल चिठ्ठीच्या नळ्यांतल्या जेवणात औषध, निळ्या चिठ्ठीच्या नळ्यांत नुसतंच जेवण, अशी आमची पद्धत. पाच महिने मोजल्यावर आकडे असे आले की निळ्या नळ्यांतली शंभरात तीस चिलटं रेघ ओलांडतात आणि लाल नळ्यांतली अडुसष्ट. मी आलेख सरांपुढे ठेवला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि आलेख हातात धरून बराच वेळ खिडकीपाशी उभे राहिले. मग कधी नव्हे ते स्वतः जाऊन सगळ्यांसाठी चहा घेऊन आले. प्रकल्प पुढे चालवायचा की बंद करायचा हे ठरवायला दिल्लीहून समिती यायला पाच आठवडे होते. सर दुसऱ्या दिवसापासून टाय बांधून यायला लागले. सवय असलेली बरी, म्हणाले.

आणि मग तो मंगळवार उजाडला.

सकाळी दहाच्या सुमाराला जिन्यातून एक खणखणीत आवाज वर येऊ लागला. "डेक्कन… गरवारे… नळ स्टॉप… पौड फाटा…" प्रत्येक थांब्यानंतर एक पाऊल वाजत होतं. मी बाहेर येऊन बघितलं. साठीपासष्टीचे एक गृहस्थ, खांदे थोडे पुढे वाकलेले, उजवा हात थरथरता, एकेक पायरी चढत येत होते. वनाज झाल्यावर डेपो आला, की पुन्हा डेक्कनपासून दुसरी फेरी. त्यांच्यामागे दोन पायऱ्या सोडून हौसामावशी, दोन्ही हात पुढे धरून, श्वास रोखून.

ते मावशींचे मालक, रंगनाथ ढोबळे, शहर बसमधले निवृत्त कंडक्टर. वर पोचल्यावर त्यांनी मला नमस्कार केला आणि पेढ्यांचा पुडा पुढे धरला. त्यांना कंपवात होऊन चार वर्षं झाली आहेत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. गेल्या दिवाळीपासून ते जिना चढले नव्हते. घर पहिल्या मजल्यावर, पण पहिल्या पायरीशीच पाय जमिनीला खिळायचे; खाली उतरवलं की दिवसभर शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून राहायचे, संध्याकाळी दोघंतिघं धरून वर न्यायचे. आणि आता हे, दोन मजले, कुणाचाही हात न धरता.

"सगळी तुमची कृपा, बाई," काका म्हणाले. "तीन आठवडे झाले. रोज सकाळी एक वाटी घेतो."

"कशाची वाटी?"

"तुमच्या औषधाची."

क्षणात माझ्या डोळ्यांसमोर पोलीस आले, वर्तमानपत्रं आली आणि बार्शी आली. कर्करोगाची गोळी, डॉक्टरांना न विचारता, कंपवाताच्या म्हाताऱ्या माणसाला, वाटीने. मी मावशींकडे बघितलं. त्या जमिनीकडे बघत होत्या. हळूहळू सगळं बाहेर आलं. नळ्या भरून झाल्या की पातेल्याच्या तळाशी जी खरवड राहते ती मावशी डब्यात भरून घरी न्यायच्या. चिलटं चढतात हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, सर नाचायचेच काय ते बाकी होते हेही पाहिलं होतं. समितीने ठरवेपर्यंत, मग कंपनीने गोळी काढेपर्यंत थांबायला त्यांच्याकडे वेळ नव्हता.

खरवड म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. कारण औषध पातेल्यात पडतच नव्हतं. उष्णतेने ते खराब होतं, म्हणून मी थोडं जेवण वेगळ्या भांड्यात काढून, कोमट झाल्यावर, माझ्या टेबलावर त्यात औषध मिसळायचे. तोवर मावशी पातेलं घासायला घेऊन गेलेल्या असायच्या. निळ्या नळ्या भरून झाल्यावर मला औषधाची बाटली घेऊन स्वयंपाकघरात शिरताना त्यांनी बघितलं होतं, बाकीचं मनाने जोडलं होतं. काका तीन आठवडे मक्याची गोड खरवड खात होते.

हे मी हसून सांगणारच होते, इतक्यात काका अभिमानाने म्हणाले, "डॉक्टरांच्या गोळ्या मी निम्म्यावर आणल्यात. या आठवड्यात बंदच करून टाकतो."

काकांना पंख्याखाली बसवून मी मावशींना स्वयंपाकघरात नेलं आणि खरं काय ते सांगितलं. मका, गूळ, यीस्ट. औषधाचा एक कणही नाही. मावशींनी हातातला डबा ओट्यावर ठेवला.

"मग चढले कसे?" त्यांनी विचारलं.

मी डबा उघडून आत बघितलं.

"तुम्ही आत्ता जाऊन सांगाल, आणि ते खाली बसतील," त्या म्हणाल्या. "मग परत कोण उठवणार त्यांना? तुम्ही?"

त्यांनी दोन दिवस मागितले. मी म्हटलं, दोन दिवस थांबते, पण गोळ्या आजपासून पूर्ण घ्यायला हव्यात. तेव्हा मावशींनी डोळे पुसले, बाहेर गेल्या आणि काकांना सांगितलं की ताई म्हणतात, डॉक्टरांच्या पूर्ण गोळ्या असल्याशिवाय हे औषध पोटात टिकत नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. संशोधक म्हणून आपण केलेलं हे पहिलं खोटं विधान, असं तेव्हा मला वाटलं.

दुपारी मी नेहमीप्रमाणे मोजायला बसले. 'मग चढले कसे' हे काही डोक्यातून जात नव्हतं. निळ्या चिठ्ठीची नळी घेतली, आपटली. लाल चिठ्ठीची घेतली, आपटली. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःचा हात ऐकू आला. निळी नळी मी धोबी कपडे आपटतो तशी आपटत होते. लाल नळी अशी टेकवत होते की आतली काही चिलटं तळाला पडतही नव्हती, अर्ध्यावरूनच निघत होती. मग बाकीचंही दिसायला लागलं. रेघेवर अडखळलेलं चिलट लाल नळीत असलं तर मी वर धरत होते, निळ्या नळीत असलं तर खाली. निळ्या नळीचे दहा सेकंद दहाव्या सेकंदाला संपत. लाल नळीचे, एखादं अगदी रेघेजवळ आलेलं असेल तर, त्याची वाट बघून संपत. पाच महिने मी एकही खोटा आकडा लिहिला नव्हता. फक्त मनापासून वाट बघत होते.

आता पुन्हा मोजायचं तर कुठल्या नळीत काय आहे हे न कळता मोजायला हवं होतं, आणि मोजणाऱ्या डोळ्यांना औषधाचा जय व्हावा असं वाटता कामा नये होतं. आमच्याकडे सगळेच सरांचा चहा प्यायलेले. बराच विचार केल्यावर मला एकच माणूस आठवला. औषधाचा जय व्हावा असं त्यालाही वाटत होतं, सर्वांहून जास्त वाटत होतं, पण उभा जन्म त्याने खचाखच भरलेल्या बसमध्ये माणसं मोजली होती. चिठ्ठ्याच झाकल्या तर वाटण्याला जागा कुठे उरते?

गुरुवारी ढोबळे काका आले ते खाकी कोट घालून. मोजायचं म्हणजे ड्यूटी, म्हणाले. मावशींनी आधीच चाळीस नळ्यांवरच्या लाल-निळ्या चिठ्ठ्या काढून नुसते आकडे चिकटवले होते. कुठला आकडा कशाचा याचा कागद त्यांनी कमरेच्या बटव्यात ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं. मी आपटणार, काका मोजणार, मी लिहिणार.

काकांनी सुरुवातीलाच एक अडचण काढली. "रेघेवर लोंबकळतोय तो कुठं धरायचा?"

मी म्हटलं, तुम्ही ठरवा.

"दोन्ही पाय आत असल्याशिवाय मी प्रवासी आत धरत नाही," ते म्हणाले, आणि तोच नियम ठरला. चिलटाला सहा पाय असतात हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्यांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता, पण डोळे असे स्थिर होते की मी थक्क झाले. दहा सेकंद संपले की ते फाडकन आकडा सांगत. सात. नऊ. सहा. एकदा मी एका नळीवर जरा रेंगाळले तर म्हणाले, गाडी सुटली बाई, पुढची घ्या.

सव्विसाव्या नळीला बेलसरे सर आत आले. टाय होताच. त्यांनी खाकी कोटातला माणूस बघितला, आणि हे काय चाललंय असं विचारलं.

"मध्ये बोलू नका साहेब," काका मान न वळवता म्हणाले. "मोजणी चालू आहे."

सरांना वीस वर्षांत कुणी असं म्हटलं नसेल. ते मुकाट्याने भिंतीला टेकून उभे राहिले आणि चाळिसावी नळी होईपर्यंत तसेच राहिले. मग मी त्यांना पाच महिन्यांच्या आकड्यांबद्दल, माझ्या हाताबद्दल, सगळं सांगितलं. मावशींना हाक मारली. बटव्यातला कागद आला. मी दोन रकाने केले आणि बेरीज केली.

औषधाची चिलटं, शंभरात चाळीस. बिनऔषधाची, शंभरात अडतीस.

सरांनी कागद मागून घेतला, बेरीज स्वतः करून बघितली, आणि स्टुलावर बसले. आपण आता ओरडा खाणार म्हणून मी उभी होते. ते म्हणाले, "तू मोजत होतीस तेव्हा चिठ्ठ्या दिसत होत्या, हे मला पाच महिन्यांत एकदाही विचारावंसं वाटलं नाही." मग कागद परत देत, "विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं ना. म्हणून."

काकांनी घसा साफ केला.

"म्हणजे हे औषध चढवत नाही?"

चिलटांना तरी नाही, असं दिसतंय, असं मी म्हटलं.

"मग मला कसं चढवलं?"

मावशी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. दोन दिवस संपले होते. मी काकांसमोर स्टूल ओढून बसले आणि सांगून टाकलं की त्यांच्या वाटीत औषध कधी नव्हतंच. पातेल्यात फक्त मका, गूळ आणि यीस्ट असतं. सरांना हे वाटीचं प्रकरण मुळात ठाऊकच नव्हतं. ते एकदम उभे राहिले, आणि 'नव्हतंच' ऐकून परत बसले.

काका बायकोकडे बघत राहिले. मांडीवरचा हात जास्तच हलायला लागला होता. मी मनात म्हणत होते, आता हा माणूस इथून उठत नाही.

"तीन आठवडे मी मक्याचा शिरा खाल्ला," ते सावकाश म्हणाले.

"हो," मावशी म्हणाल्या.

"आणि तू त्यात मला वेलची घालू दिली नाहीस. औषध बिघडेल म्हणून."

मावशींच्या तोंडून जे निघालं ते हसू होतं की रडू, मला अजून ठरवता आलेलं नाही. काकांनी माझ्याकडे वळून विचारलं, आता वेलची घालायला शास्त्राची काही हरकत? मी म्हटलं, मुळीच नाही.

पण घरी तर जायचं होतं. जिन्याच्या तोंडाशी येऊन काका थांबले. एक पाऊल पुढे टाकायचं, पण ते पडेना. टाच उचलायची आणि तिथल्या तिथे थरथरायची. मी आणि सर मागे उभे, हात लावावा की नाही ते कळेना. मावशी दोन पायऱ्या उतरून खाली उभ्या राहिल्या आणि वर तोंड करून म्हणाल्या, "डेक्कन."

काका चिडले. "येताना डेक्कन शेवटी येतं, हौसा. आधी डेपो." आणि त्यांनी पाऊल टाकलं. "डेपो… वनाज… आनंदनगर…" आवाज खालपर्यंत गेला.

सरांनी दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओळखीच्या मेंदूविकारतज्ज्ञांना फोन करून काकांना त्यांच्याकडे पाठवलं. ते डॉक्टर म्हणाले, या आजारात नुसत्या आशेनेसुद्धा मेंदू आपल्याला हवं असलेलं रसायन थोडं सोडतो, आणि तालावर पाय टाकायची युक्ती तर आम्हीच शिकवतो. गोळ्यांना मात्र हात लावायचा नाही. काकांनी पुढे सहा वर्षं त्या गोळ्या घेतल्या आणि बरोबर वेलचीचा शिरा खाल्ला. काही दिवस जिना चढायचे, काही दिवस नाही.

समिती ठरल्या दिवशी आली. दिल्लीचे दोघं आणि हैदराबादच्या एक प्राध्यापक बाई, ज्यांच्यासमोर भलेभले चाचरतात असं आम्ही ऐकलं होतं. सरांनी पहिल्याच स्लाइडवर माझा जुना आलेख दाखवला, अडुसष्ट आणि तीस. समितीतल्या माना डोलल्या. लगेच दुसरी स्लाइड, चाळीस आणि अडतीस. माना डोलायच्या थांबल्या. सरांनी सांगितलं की पहिला आलेख आमची चूक आहे, दुसरा खरा आहे, आणि याच पद्धतीने, चिठ्ठ्या झाकून, औषधाचं प्रमाण बदलून पुन्हा बघण्यासाठी आम्हाला एक वर्ष हवं आहे. एक वर्ष मिळालं; त्यातून फारसं काही निघालं नाही, आणि जे निघालं नाही त्यावर मला पीएच.डी. मिळाली. पण ते नंतरचं. त्या दिवशी सरांचं बोलणं संपल्यावर दिल्लीचे दोघं दोन्ही आकडे वहीत उतरवून घ्यायला लागले.

हैदराबादच्या बाई दुसऱ्या स्लाइडच्या तळाकडे बघत होत्या. तिथे सरांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, मोजणी: र. म. ढोबळे.

"हे डॉक्टर ढोबळे कुठल्या संस्थेतले?" त्यांनी विचारलं.

सरांनी टायची गाठ सैल केली. "शहर बस," ते म्हणाले. "कंडक्टर. सेवानिवृत्त."

दिल्लीच्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बाईंनी मात्र पेनाचं टोपण काढलं आणि वहीत नाव लिहून घेतलं.

"त्यांचा फोन नंबर द्या," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे उंदीर आहेत."